‘फारच छान’ म्हणणाऱ्याने भांडी घासावीत

आमच्या लिटल मॉर्डिकोटला लिटल का म्हणतात ते कुणालाच ठाऊक नाही, कारण ग्रेट मॉर्डिकोट नावाचं गाव अख्ख्या हेरफर्डशायरमध्ये सापडत नाही. माझ्या आजोबांनी एक उन्हाळाभर घोडागाडीतून ते शोधलं. गाव मिळालं नाही, आजी मिळाली, आणि ते परत आले. असो. गावात एक चर्च आहे, एक ओढा आहे, सफरचंदांच्या बागा आहेत आणि ‘आळशी कालवड’ नावाचा पब आहे. पाटीवरची कालवड पाय मुडपून झोपलेली दिसते. रंगवली तेव्हा ती उभी होती असं जुनी माणसं सांगतात.

त्या पबच्या स्वयंपाकघरात हेस्टर ग्विलियम होती तोवर तिची सशाची पाई हे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ होतं. सफरचंदाच्या सायडरमध्ये मंद आचेवर शिजवलेला ससा, कांदा, थोडा सेजचा सुगंधी पाला आणि वर सोनेरी, खुसखुशीत पापुद्रा. वारा पूर्वेचा असला की वास थेट वेल्समध्ये पोचायचा आणि तिकडच्या एका प्रार्थनाघरातली माणसं प्रवचन अर्ध्यावर टाकून उठायची. एकदा शिकारी कुत्र्यांची फौज कोल्ह्यामागे धावत आली ती हेस्टरच्या दाराशी थांबली. कोल्हाही थांबला. सगळे ओळीने बसले. हेस्टरने एकेकाला तुकडा दिला, कोल्ह्याला पहिला, कारण तो पहिला आला होता. रांगेला आमच्याकडे फार मान. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

हेस्टर गेली आणि डाव तिच्या नवऱ्याच्या, क्लेमच्या हातात आला. क्लेम म्हणजे दरवाजाएवढा माणूस. त्याचा आयुष्यभराचा संबंध बिअरच्या पिंपांशी. पण तो शिकला. हेस्टर पदार्थ करताना तो इतकी वर्षं बाजूला उभा राहून नुसता चाखत होता, त्या चाखण्याच्या आठवणीवर तो रांधू लागला. दोन हिवाळे कालवडीत पाई मिळत होती. हेस्टरसारखी नव्हे, पण डोळे मिटून खाल्ली तर तिची मावसबहीण म्हणावी अशी.

मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत क्लेम तापाने आठवडाभर अंथरुणात पडला. उठला आणि पुन्हा चुलीशी उभा राहिला. त्या दिवसापासून पाईचं काहीतरी बिनसलं.

कधी मिठाचा खडक, कधी मीठच नाही. कधी पापुद्र्याखाली सेजचं अख्खं कुरण. एकदा रश्शात दालचिनी होती, बहुधा मिऱ्यांच्या ऐवजी. त्याच्या पिठाच्या गोळ्यांपैकी एक मी खिशात घालून घरी नेला आणि उतारावर ट्रॅक्टरच्या चाकाखाली लावला. ट्रॅक्टर पुढे विकला गेला, पण गोळ्यासकट विकावा लागला.

आणि आम्ही काय केलं? काही नाही. आमच्याकडे पबमधलं जेवण एका ठरलेल्या रीतीने होतं. ताट येतं, चार घास पोटात जातात, मग मालक खांद्यावर फडकं टाकून टेबलाशी येतो आणि विचारतो, “सगळं ठीक ना?” त्यावर आपण मान वर करून म्हणायचं, “फारच छान.” आजीच्या अंत्यविधीला कुणी ‘कसा आहेस’ विचारलं तरी ‘बरा आहे’ म्हणतो ना, तसं. ताटात जळलेला बूट असला तरी उत्तर तेच.

क्लेम रोज येई. प्रत्येक टेबलाशी. “सगळं ठीक ना?”

“फारच छान, क्लेम,” पर्सी प्यू म्हणे. पर्सी चर्चमध्ये घंटा वाजवतो आणि क्लेमला ससे पुरवतो. अर्धी पाई तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात असे.

“अगदी सुरेख,” प्रीसबाई म्हणत. प्रीसबाईंनी आम्हा सगळ्यांना शाळेत शिकवलं, म्हणून गाव अजून त्यांच्यासमोर ताठ बसतं. त्यांची पाई टेबलाखाली जाई. तिथे त्यांचा कुत्रा अर्ल बसलेला असे. कान जमिनीवर लोळणारा, स्वभावाने खानदानी. मार्चपर्यंत अर्लने निमूटपणे खाल्लं. एप्रिलमध्ये तो तोंड फिरवू लागला. मेमध्ये तो कालवडीच्या उंबऱ्यावरच बसला आणि काही केल्या आत येईना. गावात खरं बोलणारा तेवढा एकच होता.

बाहेरगावचे लोकही यायचे. खायचे, ‘फारच छान’ म्हणायचे, गाडीत बसायचे आणि पुन्हा दिसायचे नाहीत.

सप्टेंबरात, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत, एका सकाळी आयडा चर्चच्या आवारात आली. आयडा बफ्टन कालवडीत बिअर ओतते आणि ताटं नेते, आणि हेस्टरची ती जिवाभावाची मैत्रीण होती. पर्सी गवत कापत होता, प्रीसबाई फुलं बदलत होत्या आणि मी त्या दोघांना कसं काम करावं ते सांगत होतो.

“क्लेमने थॅकवेल मॅडमना बोलावलंय,” आयडा म्हणाली.

पर्सीच्या हातातला विळा थांबला.

रोझामंड थॅकवेल म्हणजे जिल्ह्याच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी लिहिणारी बाई. खेड्यापाड्यांतल्या पबमध्ये एकटी जाऊन जेवायची आणि त्यावर लिहायची. समोर कुणाला वाईट बोलायची नाही, ते घरी गेल्यावर. पुलाजवळच्या एका पबाबद्दल तिने लिहिलं होतं, ‘खिडकीतून नदी सुंदर दिसते. ताटाकडे न पाहता नदीकडेच पाहावं.’ त्या जागी आता न्हाणीघराच्या फरशा विकतात.

“बोलावलंय म्हणजे?” प्रीसबाईंनी विचारलं. “स्वतःहून?”

“स्वतःहून! येत्या गुरुवारी. मला काल म्हणतो, आयडा, सगळे म्हणतात छान आहे, म्हणजे हेस्टरची पाई मला जमलीय. आता ती छापून आली की माझ्या मनाला स्वस्थता. आणि...” आयडाने एप्रनचं टोक पिळलं. “आणि नाही जमलं, तर म्हणतो नाताळाला पबच्या किल्ल्या बिअर कंपनीला परत करीन. हेस्टरच्या नावाला बट्टा लावून मला इथे राहायचं नाही.”

वर कावळे तेवढे बोलत होते.

“ती लिहिणार काय ते आपल्याला माहीत आहे,” प्रीसबाई म्हणाल्या. “गुरुवारच्या आधी कुणीतरी त्याला सांगायला हवं.”

“बाई, तुम्ही सांगा ना. तुमचं तो ऐकेल.”

“मी?” प्रीसबाईंचे कान लाल झाले. “पर्सी, मी त्या माणसाला लहानपणी पाढे चुकले म्हणून कोपऱ्यात उभं केलंय. पण जेवणाबद्दल कसं बोलणार? ते फार खासगी असतं.”

“आयडा?”

“माझी जीभ रेटत नाही. तो चुलीशी उभा असतो ना, तेव्हा हेस्टरचा एप्रन घालतो. त्याला पुढून पुरतसुद्धा नाही.”

“मग पर्सी तू.”

“मी ससे देतो. तो म्हणेल ससा खराब होता.”

मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“ईनॉक सांगेल,” आयडा म्हणाली. “त्याला लाज कुठेय?”

एवढं कौतुक माझं क्वचित होतं. मी टोपी काढून होकार दिला. त्या वेळी एक साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. कालवडीच्या भिंतीवर, बिअरच्या नळांच्या वर, खिळ्याला एक पत्र्याचा पेला टांगलाय. दर नववर्षाला तिथे थापांची स्पर्धा व्हायची, सगळ्यात मोठी थाप मारणाऱ्याला तो पेला मिळायचा. सलग इतकी वर्षं तो मलाच मिळाला, की शेवटी दुसरं कुणी नाव देईना आणि स्पर्धा बंद पडली. पेल्यावर माझं नाव कोरलंय. थोडक्यात, गावाने खरं सांगायला जो माणूस निवडला, तो गावाचा शिक्कामोर्तब झालेला थापाड्या होता.

रविवारी दुपारी, जेवणं आटोपून पब बंद झाला, तेव्हा मी मागच्या दाराने आत गेलो. क्लेम ग्लास पुसत होता. ऊन तिरपं होऊन टेबलांवर आलं होतं.

“काय रे ईनॉक, छत्री विसरलास?”

“क्लेम, मी तुला एक खरी गोष्ट सांगायला आलोय.”

“बरं,” क्लेम म्हणाला आणि स्टूल ओढून ऐसपैस बसला. तो लगेच खूश झाला, हीच पहिली वाईट खूण होती.

“तुझी पाई बिघडलीय. फेब्रुवारीपासून. कुणालाच खाववत नाही.”

“अस्सं?”

“मीठ धड पडत नाही. परवा इतकं होतं, की घरी जाताना मेंढ्या माझ्यामागे लागल्या. मला कुंपणाशी गाठलं आणि मिशा चाटून चाटून पार पातळ केल्या.”

मेंढ्या आणायच्या असं मी ठरवलं नव्हतं. नुसतं खरं तेवढंच सांगायचं असा घरून निश्चय करून निघालो होतो. पण बोलता बोलता मेंढ्या आपोआप आल्या, आणि आल्यावर त्यांना हाकलायचं कसं?

क्लेमचे खांदे हलू लागले. “किती मेंढ्या?”

“मेंढ्यांचं सोड! मेंढ्या नव्हत्या. बाकीचं खरं आहे.”

“बाकीचं म्हणजे त्या गोळ्याचं, ट्रॅक्टरच्या चाकाखालचं? पर्सीने सांगितलं मला ते. काय हसलो होतो!”

“क्लेम, पाई वाईट आहे रे बाबा. आईच्या थडग्याची शपथ.”

आता मात्र तो टेबलावर डोकं टेकून हसला. “आईच्या थडग्याची! अरे लेका, त्या ईल माशाच्या थापेच्या वेळी हीच शपथ घेतली होतीस, तेव्हा तुझी आई तुझ्या शेजारी बसून शेरी पीत होती!” त्याने डोळे पुसले, नळाखाली ग्लास धरला आणि सायडर माझ्यापुढे ठेवला. “घे. किती दिवसांनी हसलो. हेस्टर असती तर तिलाही ही थाप आवडली असती. गुरुवारी ये हां, त्या मॅडमना ऐकव.”

सायडर चांगला होता. तो मी प्यायलो, आणि चर्चकडे गेलो.

“सांगितलंस?” आयडाने विचारलं.

“सांगितलं.”

“मग?”

“त्याला फार आवडलं.”

आयडाने कपाळाला हात लावला. प्रीसबाई म्हणाल्या, “ईनॉक, तुला सरळ एक वाक्य बोलता येत नाही का?” मी म्हटलं, “बाई, ते तुम्हीच शिकवायला हवं होतं.” त्यावर त्या खरोखरच विचारात पडल्या.

सोमवारी मी कालवडीत जेवायला गेलो. काही बेत नव्हता. दाराशी अर्ल पडला होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच आजारी आहे. पाई आली. त्या दिवशी मीठ अजिबात नव्हतं आणि रश्शाला साबणाची चव येत होती. मी खात होतो आणि गुरुवारचा विचार करत होतो, त्या एप्रनचा विचार करत होतो. तेवढ्यात खांद्यावर फडकं टाकून क्लेम आला.

“सगळं ठीक ना, ईनॉक?”

माणूस कितीही बेशरम असला तरी शेवटी याच मातीतला. तोंडातून निघून गेलं, “फारच छान, क्लेम.” आणि सवयीप्रमाणे वर थोडं जास्तच घातलं. “हेस्टरच्या पाईपेक्षाही छान.”

क्लेम हलला नाही.

त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना मी पाहिला. सावकाश उतरला, पिंप रिकामं होताना नळाची धार बारीक होते तसा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पेल्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. खुर्ची ओढून तो समोर बसला.

“काल तू म्हणालास वाईट आहे.”

“हो.”

“आज म्हणतोस हेस्टरपेक्षा छान.”

“हो.”

“आणि इतक्या वर्षांत या खोलीत तू एकही खरं वाक्य बोललेला नाहीस.”

“एखादं असेल.”

“कालचं,” क्लेम म्हणाला. “कालचं खरं होतं.”

मी पाईकडे पाहत राहिलो. बाजूच्या टेबलावर पर्सीचा हात खिशात जाता जाता थांबला. प्रीसबाईंनी काटा खाली ठेवला.

“मेंढ्या सोडून,” मी म्हणालो.

क्लेमने दोन्ही हात टेबलावर ठेवले. फावड्यासारखे हात, बोटांना पीठ लागलेलं.

“मला वास येत नाही,” तो म्हणाला. “तापातून उठल्यापासून. चवही नाही. तोंडात काही घातलं की गरम आहे की गार आहे तेवढं कळतं. एकदा पाव जळून कोळसा झाला, आयडा अंगणातून धावत आली आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून बटाटे सोलत होतो.” आयडा नळाशी उभी होती, तिने मान हलवली. “मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, हाताला सवय आहे. आणि चुकलंच तर ही सगळी आहेत ना. म्हणून मी रोज विचारत होतो. टेबलाटेबलाशी जाऊन विचारत होतो. दुसरे विचारतात तसं नाही, ईनॉक. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.”

अख्ख्या इंग्लंडात एकच माणूस ‘सगळं ठीक ना’ हा प्रश्न खरोखर विचारत होता, आणि तो आमच्या वाट्याला आला होता.

प्रीसबाई उठल्या. त्यांनी शाळेतल्यासारखा घसा साफ केला. “क्लेमंट,” त्या म्हणाल्या, “मला असं वाटतं की कदाचित, म्हणजे तुला राग येणार नसेल तर, आजच्या रश्शामध्ये किंचित...” त्या थांबल्या. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. “मीठ नाही,” त्यांनी एका दमात म्हणून टाकलं आणि मटकन खाली बसल्या.

“आणि साबण आहे,” पर्सी म्हणाला.

“साबण?”

“थोडासा. वाईट नाही. म्हणजे वाईट आहे.”

क्लेमने आमच्या एकेकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता किल्ल्यांची गोष्ट काढणार. पण तो उठला, भिंतीजवळ गेला, दिवसाचे पदार्थ लिहायची पाटी त्याने फडक्याने पुसली आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘या पबमध्ये “फारच छान” म्हणणाऱ्याने भांडी घासावीत.’

“गुरुवारपर्यंत,” तो म्हणाला, “तुमच्या जिभा माझ्या.”

मंगळवार आणि बुधवार हे दोन दिवस लिटल मॉर्डिकोटच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखे. क्लेम सकाळपासून एकामागून एक पाई भाजत होता आणि गाव खात होतं. खाणं सोपं, बोलणं अवघड. पर्सी पहिल्याच घासाला ‘फारच’ म्हणाला आणि जीभ चावून उरलेला शब्द गिळला. तरी आयडाने त्याला अर्धी भांडी घासायला दिलीच. पोस्टातला गिल्बर्ट टोपी हातात घेऊन आला, एक तुकडा खाल्ला, ‘पापुद्रा चिवट आहे’ म्हणाला आणि मग क्लेमची इतक्या वेळा माफी मागितली, की शेवटी क्लेमलाच त्याला धीर द्यावा लागला. प्रीसबाईंना मात्र गोडी लागली. बुधवारी दुपारपर्यंत त्या टेबलावर चमचा आपटून ‘मिरे! क्लेमंट, मिरे!’ असं ओरडत होत्या, आणि त्यांचं वय वीस वर्षांनी कमी झालेलं दिसत होतं. पुढे त्यांनी त्याच भरात चर्चमधल्या पाद्रीबाबांना प्रवचन लांबतं असंही सांगितलं. ते अजून सावरत आहेत.

“आणि तू, ईनॉक?” क्लेमने विचारलं.

“सेज जास्त आहे. एक हरीण आत चरताना दिसलं.”

“म्हणजे किती काढू?”

“हरीण मावणार नाही इतकं.”

“चिमूटभर ठेवतो,” क्लेम म्हणाला. त्याला माझी भाषा कळू लागली होती.

क्लेम प्रत्येक वेळी डाव हलवून थांबायचा, आमच्या तोंडाकडे पाहायचा, आणि पुन्हा हलवायचा. आंधळा माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ओळखीच्या घरात फिरतो तसा तो त्या पाईत फिरत होता. बुधवारी संध्याकाळच्या आधी शेवटची पाई भट्टीतून निघाली, तेव्हा उंबऱ्यावर काहीतरी हललं. अर्ल उठून उभा राहिला होता. त्याने नाक वर केलं, आयडाकडे पाहिलं, आणि सावकाश, कुणावर उपकार केल्यासारखा, आत आला आणि टेबलाखाली जाऊन बसला. पर्सीने टोपी काढली.

गुरुवारी थॅकवेल मॅडम आल्या. हिरवी छोटी गाडी, पायांत चिखलाचे बूट, नाकावर चष्मा. मी समजत होतो त्यापेक्षा लहानखुऱ्या होत्या. खिडकीजवळ बसल्या, पाई मागवली, सायडर मागवला. पबमध्ये झाडून सगळं गाव हजर होतं आणि प्रत्येक जण दुसरीकडे पाहायचं नाटक करत होता. पर्सी भिंतीवरचं एकच चित्र इतका वेळ पाहत होता, की चित्रातला घोडा अवघडून पाय बदलू लागला.

त्यांनी एक घास घेतला. मग दुसरा. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चेहऱ्यावर काही दिसेना. पावाने रस्सा पुसून घेतला, पण ते तर सभ्य माणूस करतोच.

क्लेम निघाला. खांद्यावर फडकं, अंगात तो तोकडा एप्रन. टेबलाशी उभा राहिला आणि त्याने विचारलं, “सगळं ठीक ना, मॅडम?”

थॅकवेल मॅडमनी मान वर केली आणि गोड हसून म्हणाल्या, “फारच छान.”

क्लेमचा चेहरा दगडासारखा झाला. त्याला हे शब्द ठाऊक होते. पुलाजवळच्या त्या पबवाल्यालाही मॅडमनी हेच शब्द ऐकवले असणार.

तेव्हा आयडा नळामागून बाहेर आली. एका हातात भांडी पुसायचं फडकं, दुसऱ्या हातात ब्रश. तिने दोन्ही वस्तू थॅकवेल मॅडमपुढे ठेवल्या आणि भिंतीकडे बोट केलं.

“नियम आहे, मॅडम,” ती म्हणाली. “सगळ्यांना एकच.”

मॅडमनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग आमच्याकडे पाहिलं, आणि आम्ही सगळेच त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांच्या कानांपर्यंत लाली चढली. “अगं बाई,” त्या म्हणाल्या. “ते माझ्या तोंडून असं आपोआपच निघतं.”

“आमच्याही,” प्रीसबाई म्हणाल्या.

मॅडम उठल्या. कोट खुर्चीवर टाकला, बाह्या दुमडल्या आणि क्लेमच्या मागे मोरीकडे गेल्या.

मोरीच्या खिडकीबाहेर एक बाक आहे. मी तिथे पाय मोकळे करायला बसलो होतो. पर्सी, आयडा आणि प्रीसबाईही पाय मोकळे करायला आली. अर्लही आला.

आत पाण्याचा आवाज येत होता.

“तळाचं पीठ ओलसर राहिलंय,” थॅकवेल मॅडमचा आवाज आला. “आधी कोरडं भाजून घ्यायला हवं.”

“बरं,” क्लेम म्हणाला.

“गाजरं थोडी जास्त शिजलीत.”

“बरं.”

“राग नाही ना आला?”

“नाही हो. बोला. थांबू नका.”

“रस्सा मात्र...” पाणी थांबलं. “रस्सा कुठून शिकलात?”

“बायकोकडून. मॅडम, एक विचारू? त्याला वास कसला येतो?”

“म्हणजे?”

मग क्लेमने त्यांना सांगितलं. तापाचं, जळलेल्या पावाचं, गावाच्या जिभांचं. सगळं. लिहिणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे कागदावर सही करून देणंच की!

मॅडमनी भांडं उचलून नाकाशी धरलं असावं, कारण आवाज घुमला.

“आधी कांदा येतो,” त्या हळूच म्हणाल्या. “लोण्यात लाल झालेला, गोडसर. मग सफरचंद, पण ताजं नाही. शरदात गवतात पडून राहिलेलं असतं ना, त्याचं. ऊन लागलेलं. मग ससा, म्हणजे ओल्या रानाचा वास. आणि अगदी शेवटी सेज. तो आत नाहीच, नुकतंच कुणीतरी सेजचं रोप ओलांडून घरात आलं आणि परकराला त्याचा वास लागलाय, एवढाच.”

मी मान उंच करून खिडकीतून पाहिलं. क्लेम हातात ओलं ताट धरून डोळे मिटून उभा होता.

“ते रोप मागच्या दाराशी आहे,” तो म्हणाला. “ती नेहमी त्याला घासूनच आत यायची.”

आयडाने एप्रनने नाक पुसलं. पर्सी म्हणाला की सफरचंदाच्या धुरळ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. सफरचंदाला धुरळा नसतो, पण त्या वेळी कुणी वाद घातला नाही.

पुढच्या शुक्रवारी साप्ताहिक आलं. मॅडमनी क्लेमच्या नाकाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं ते एवढंच, की आळशी कालवडीतल्या पाईचा तळ ओलसर आहे, गाजरं मऊ आहेत, आणि ‘तो रस्सा खायला मी पुन्हा जाणार आहे. फक्त जाताना हातमोजे नेईन, कारण तिथे खोटं बोललं तर भांडी घासावी लागतात.’

आता काय सांगू! रविवारी चर्चपर्यंत गाड्या लागल्या. लोक मुद्दाम ‘फारच छान’ म्हणू लागले. बर्मिंगहॅमहून एक जोडपं स्वतःचे एप्रन घेऊन आलं. मोरीबाहेर रांग लागली, रांगेत दुसऱ्याच दोघांची ओळख झाली, आणि वसंतात त्यांचं लग्न आमच्याच चर्चमध्ये लागलं. पर्सीने घंटा वाजवली. आयडाने तेव्हापासून पाण्यात हात घातलेला नाही. भांडी इतकी घासली गेली, की ताटांवरची निळी फुलं उडून गेली आणि शेजारच्या बागेत उगवली. किल्ल्या क्लेमच्या कमरेलाच आहेत. नाताळ कधी आला आणि गेला, कुणी विषयही काढला नाही.

त्याचं नाक परत आलं नाही. डॉक्टर म्हणतात येईल, बहुतेक. तोवर तो डाव हलवतो, थांबतो, आणि खांद्यावर फडकं टाकून टेबलाटेबलाशी येतो. पाईचा तळ आता कोरडा असतो.

काल मी खिडकीजवळ बसलो होतो. पाई आली. चार घास झाले आणि क्लेम आला.

“सगळं ठीक ना, ईनॉक?”

“मीठ जरासं कमी आहे,” मी म्हणालो.

क्लेमने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पेल्याकडे. मग तो गुडघ्यांवर हात टेकून सावकाश वाकला आणि त्याने टेबलाखाली अर्लकडे पाहिलं.